सदर गृहस्थाची जबाबदारी

सुभेदार हिंदुराव जगदाळे अंगणात आरसा टेकवून दाढी करत होते, तेवढ्यात शेजारचे जोतीराम कुंपणाशी येऊन उभे राहिले. जोतीरामांची उमर सरकारी कचेरीत कारकुनी करण्यात गेली होती. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी दुसऱ्याचा कागद अपुरा आहे असं दिसलं की त्यांना बरं वाटायचं.

"सुभेदार, पाव्हण्याची नोंद केली का?"

"कसली नोंद?"

"परदेशी मानूस घरात ठेवला की चोवीस तासांत पोलीस कचेरीत कळवावं लागतंय. फॉर्म असतोय त्याचा. ज्याच्या घरात उतरला, त्यो जबाबदार."

वस्तरा गालावरच थांबला. पाहुण्याला येऊन तीन दिवस झाले होते.

पाहुणा म्हणजे डेन्मार्कचा लार्स. उंची सहा फूट तीन इंच, केस मक्याच्या कणसाला असतात तसे. सांगलीत हळद साठवायला जमिनीत खोल पेवं खणतात, त्यांचा अभ्यास करायला तो सरकारी परवानगीनं आला होता. हिंदुरावांचा मेहुणा लालासाहेब सांगलीत हळदीच्या अडतीवर दिवाणजी. त्यानं लार्सला साताऱ्याकडची ज्वारीची पेवं बघायला धाडलं आणि सोबत साताऱ्याला हिंदुरावांच्या नावे चिठ्ठी दिली : 'सदर गृहस्थास आठ दिवस ठेवून घ्यावे.' हिंदुरावांनी ठेवून घेतलं. फौजेतल्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या नावावर लाल शाईची एक नोंद नव्हती, आणि आता म्हातारपणी एका डॅनिश माणसामुळं ती होणार होती.

"मग आता?" त्यांनी हळूच विचारलं.

"आता हितल्या कचेरीत गेला तर तीन दिवस काय करत हुता म्हनून तुमालाच धरतील. पर त्यो आधी सांगलीत हुता न्हवं? पहिली रात्र जिथं काढली, नोंद त्यानं करायची. तुमच्या मेव्हण्यानं केली असंल तर तुमी सुटला."

हा नियम जोतीरामांनी तिथल्या तिथं, कुंपणाला टेकून तयार केला होता. पण हिंदुरावांना तो पटला, कारण त्यात ते सुटत होते.

पाहुण्याला घाबरवायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं. "लार्ससाब, सांगली चलो. हळदी," एवढंच ते म्हणाले. लार्स खुशीत तयार झाला. बायकोलाही त्यांनी खरं सांगितलं नाही. "लालासाहेबाला भेटून येतो," म्हणाले आणि निघाले.

एस.टी.त लार्सचे पाय वाटेत मावेनात. जो तो ओलांडून जाताना विचारी, "कुठलं पाव्हणं?" दोन वेळा हिंदुरावांनी ऐकू न आल्यासारखं केलं. तिसऱ्यांदा त्यांच्या तोंडून निघून गेलं, "काश्मीरचं हायत."

नेमका पुढच्या बाकावरचा रजेवर आलेला जवान वळला. तो दोन वर्षं बारामुल्लाला होता. त्यानं मोठ्या उत्साहानं काश्मिरीत काहीतरी विचारलं. लार्सला वाटलं, ही इथलीच भाषा असावी. त्यानं नम्रपणे डॅनिशमध्ये दोन वाक्यं म्हटली. हिंदुरावांनी डोळे मिटून घेतले.

"बराबर हाय," जवान इतरांना म्हणाला. "वरच्या अंगाला आसंच बोलत्यात."

कराडपासून सांगलीपर्यंत तो आणि लार्स गप्पा मारत आले. हिंदुरावांचा सदरा मात्र इस्लामपूरलाच घामानं भिजून गेला होता.

लालासाहेब अडतीच्या ओट्यावर बसला होता. अंगावर हळदीची पूड, कानाला पेन. हिंदुरावांनी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

"दाजी, माझ्याकडं त्यो राह्यलाच न्हाई," लालासाहेब म्हणाला. "लॉजवर हुता. माझ्याकडं नुसता चा प्याला."

"म्हंजे घरात पहिली रात्र माझ्याच."

"व्हय. आन् आता हितं आनलाय तर सांज व्हायच्या आत परत न्या. हितं राह्यला तर मी अडकंन."

हिंदुरावांनी शांतपणे खिशातून चिठ्ठी काढली. "ठेवून घ्यावे. खाली सही कुनाची? फौजेत हुकूम देणारा जबाबदार असतोय, पाव्हणं."

लालासाहेबानं चिठ्ठी बघू म्हणून हात पुढं केला. हिंदुरावांनी ती परत खिशात घातली आणि वरून बटण लावलं. पलीकडं लार्स हळदीचं कांड मोडून त्याचा वास घेत होता.

"चला," शेवटी लालासाहेब म्हणाला. "दोघंबी जाऊ. जे व्हईल ते व्हईल."

परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीत एक वयस्क फौजदार चहा पीत बसले होते. हिंदुराव टाचा जुळवून उभे राहिले आणि त्यांनी गुन्हा कबूल करावा तसं सगळं सांगितलं, दिवस आणि तासांसकट.

फौजदारांनी कप खाली ठेवला. "पाव्हण्याकडनं भाडं घेता?"

"साहेब, पाव्हण्याकडनं?" हिंदुरावांना ते लागलं.

"मग तुमचं घर म्हंजे लॉज न्हवं. त्यो फॉर्म लॉजवाल्यानं भरायचा. हितल्या लॉजवाल्यानं भरलाय, माझ्याकडं हाय. पुढं पत्ता बदलला की पाव्हण्यानं सोता सांगायचं." मग ते लार्सकडं वळले. "नोंदीचं पुस्तक?"

लार्सनं पिशवीतून एक छोटं निळं पुस्तक काढून दिलं. फौजदारांनी पानं उलटली आणि एका शिक्क्यावर बोट ठेवलं.

"ही बघा की साताऱ्याची नोंद. पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी. यजमान, सौभाग्यवती विजयमाला हिंदुराव जगदाळे. सहीबी हाय."

हिंदुरावांनी सही दोनदा वाचली. मग ते न विचारता खुर्चीवर बसले. कित्येक तासांनी त्यांना पुरता श्वास घेता आला. लालासाहेबानं डोळे पुसले, ते हळदीमुळं की कशामुळं, कळलं नाही. फौजदारांनी तिघांसाठी चहा सांगितला.

दिवेलागणीला घरी पोचल्यावर हिंदुराव स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभे राहिले.

"कचेरीत तू गेलीवतीस?"

"व्हय," विजयमाला भाकरी थापता थापता म्हणाल्या. "तुमी मंडईत गेलावता. त्यानं कचेरी कुठं हाय म्हनून ईचारलं. म्हनलं, चल दावते. तिथं ईचारलं, घर कुनाचं? म्हनलं, माझं."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"पोलिसाचं नाव काढलं तर तुमी जेवला नसता."

हे खरं होतं. हातपाय धुऊन हिंदुराव पाटावर बसले आणि चार भाकरी खाल्ल्या. दिवसभरातलं त्यांचं ते पहिलं जेवण होतं. शेजारी लार्सही मांडी घालून बसला होता, गुडघे दोन्हीकडं भिंतीपर्यंत पोचलेले. तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "माताजी, मेरा दोस्त और उसकी बीवी सोमवार को आता है. दो आदमी."

"येऊ दे की," विजयमाला म्हणाल्या.

हिंदुरावांनी सोमवारपासूनचे चोवीस तास बोटांवर मोजले.

"मंगळवारी कचेरीत जाशील तवा," ते हलकेच म्हणाले, "मीबी यीन म्हनतो."

"तुमी कशाला?" त्यांनी पाचवी भाकरी त्यांच्या ताटात टाकली. "तुमची सही लागत न्हाई."