परबकाकांचा तळहात

परबकाका रोज सकाळी डीप फ्रीझरच्या कुशीवर तळहात ठेवून डोळे मिटत. नवा माणूस बिचकायचा. आम्हाला सवय होती.

ठाण्यातल्या आमच्या संशोधन संस्थेतले सगळे फ्रीझर, चिलर, पंप कंट्रोल रूममधल्या एका स्क्रीनवर दिसतात, तिथूनच चालू-बंद करता येतात. ही जोडणी काकांनीच उभी केलेली, आणि तिच्यावर सगळ्यात कमी भरवसाही त्यांचाच. "स्क्रीनचं ऐकायचं, हाताचं मानायचं," म्हणत चार मजले पालथे घालायचे. डोंबिवलीला माझ्या घरी पहिल्यांदा आले, ते आधी फ्रिजपाशी गेले. "सूनबाई, हा कण्हतोय." आठवड्यात तो बंद पडला. त्यांनीच दृष्ट लावली, असं बायको अजून म्हणते.

मागच्या वर्षी ते निवृत्त झाले. काकू आधीच गेलेल्या, मुलगा परदेशात. कोपरच्या घरात एकटेच. जाताना एवढंच म्हणाले, "निखिल, सात नंबरच्या फ्रीझरच्या तापमानाचा आकडा रोज पाठव रे." साहेबांनी परवानगी दिली. रोज सकाळी नऊला मी आकडा पाठवायचो, काकांचं उत्तर यायचं, "बरं."

परवा अकरा वाजले तरी 'बरं' आलं नाही. फोनही उचलेनात. सुट्टी टाकून तडक कोपर गाठलं, तर दाराला कुलूप. तेवढ्यात कंट्रोल रूममधून फोन आला. पलीकडे काका.

"उलथलायस कुठे? सातचा आकडा तीन दिवस जागचा हललेला नाही. चालत्या यंत्राचा आकडा थोडा तरी इकडेतिकडे होतोच. सेन्सर अडकलाय. फ्रीझर बरा आहे, हात लावून बघितलाय मी. घाईत मोबाइल घरीच राहिला."

तीन दिवस तो आकडा मीच पाठवत होतो. पण लाज वाटायच्या आधी इतकं हायसं वाटलं, की जिन्यावरच बसलो. "तुमचं 'बरं' आलं नाही, म्हणून बघायला आलो," मी म्हणालो.



"वर्षभर तेच 'बरं' पाठवतोय रे," मग काका म्हणाले. "तोही आकडा अडकलेलाच की. शेजारी किल्ली आहे. चहाचं आधण ठेव. पोचतोच."

काका आले, तेव्हा मी त्यांच्या हातावर हात ठेवला. ऊब होती. त्यांनी तो लगेच काढून घेतला नाही.