ट्रायल घेतल्याशिवाय सिंगापूर नाही

आमच्या शेजारचे सांगळेकाका नवीन छत्री आणली की ती उघडून चांगली तासभर नळाखाली धरत. आतून कोरडी राहिली तर छत्री पास. नाशिकरोडहून गाडीनं कुठं जायचं असेल तर आदल्या दिवशी स्टेशनवर जाऊन तीच गाडी बघून येत. मुलीच्या लग्नाआधी पंगतीची ट्रायल म्हणून त्यांनी सिडकोतली आमची अख्खी गल्ली रिकाम्या पत्रावळींवर बसवली होती. मी तर हात धुऊन, सकाळपासून उपाशी राहून गेलो होतो.

काकांचा जन्म सातपूरच्या एका कारखान्यात, इन्स्पेक्शन खात्यात गेला. रिटायर झाले, पण खातं काही सुटलं नाही. "ट्रायल घेतल्याशिवाय माल बाहेर नाही," हे वाक्य ते इतक्यांदा म्हणत, की दारावरचा भाजीवाला त्यांना बघितल्याबरोबर भेंडी मोडून दाखवायचा.

अशा काकांनी दोन हजार सालानंतर कधीतरी जाहीर केलं, "आठ दिवस सिंगापूर. मी आणि ही."

तोवर आमच्या गल्लीतून परदेशी कुणी गेलं नव्हतं. माझीच छाती फुगली. मी लगेच ओळखीच्या ट्रॅव्हल एजंटाकडून एक भरगच्च कार्यक्रम आणला. तीन देश, रोज पाच-सहा ठिकाणं, पहाटे उठून बस.

काकांनी चष्मा वर करून तो वाचला. "ही सहल आहे का ओव्हरटाइम? एकच देश, एकच हॉटेल. हिनं खुर्चीत बसायचं आणि चहा दुसऱ्यानं आणायचा. बास!"

अडचण काकूंचीच होती. काकू सिन्नरकडच्या खेड्यातल्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांना रिकामं बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. "आठ दिस नुसतं बसून मी काय करू? मला नाय जमायचं," त्या म्हणाल्या.

"मग ट्रायल घेऊ," काका म्हणाले.

पहिली ट्रायल विमानाची. विमान हलतं असं कुणीतरी सांगितलं, म्हणून काका काकूंना घेऊन पेठच्या एसटीत बसले आणि घाट लागताच पंच्यानं दोघांनाही सीटला बांधून घेतलं. कंडक्टर म्हणाला, "बाबा, उतरायचं कुठं?"

"उतरायचं नाही. नुसतं बसून परत यायचंय."

दुसरी ट्रायल विमानतळाची. तिथला अधिकारी मी. बँकेत मी साधा कारकून, पण आमच्या वॉचमनची टोपी मागून आणली होती. मी येण्याचं कारण विचारायचं आणि काकूंनी "हॉलिडे" म्हणायचं, एवढंच ठरलं होतं. पण टोपी घातल्याबरोबर माझ्या अंगात साहेब संचारला. ठरलेला प्रश्न सोडून मी दरडावलं, "इथं येऊन काय काम करणार?"

काकूंचा चेहरा एकदम खुलला. "पडंल ते! भांडी घासीन, पोळ्या लाटीन, लोणची घालायची असली तर..."

"फेल!" काका ओरडले. "हिला आल्या विमानानं परत पाठवतील!"

मी टोपी धरून हसत सुटलो. काकूंना मात्र ते लागलं. "मला रिकामं बसायचं काम येत नाय. तुम्ही ह्या भाऊलाच न्या सिंगापूरला," म्हणून त्या आत गेल्या आणि स्वच्छ असलेले डबे पुन्हा घासत बसल्या. गल्लीची पहिली परदेशवारी माझ्या टोपीपायी बुडाली होती.

दुसऱ्या दिवशी मी तोंड चुकवतच त्यांच्याकडे गेलो. स्वयंपाकघराच्या दारात दोरी आडवी बांधलेली. दोरीपलीकडे काका पोळ्या लाटत होते. अलीकडे, गॅलरीत, वेताच्या खुर्चीत काकू. शिक्षा झालेल्या पोरीसारख्या.

"आठ दिवस इथं हॉटेल," काका म्हणाले. "एक ट्रायल फेल गेली म्हणून कुणी ऑर्डर सोडत नाही. सेटिंग बदलायचं."

तेवढ्यात काकूंच्या पदराखालून मटाराची शेंग पडली. बाई चोरून मटार सोलत होत्या! "कस्टम!" म्हणत काकांनी वाटी जप्त केली. टोपीचा दंड म्हणून मला त्या हॉटेलात जेवावं लागलं. पोळी दातांना दाद देत नव्हती. काकूंनी मात्र ती मुकाट्यानं, सगळी खाल्ली.

आठवडा सरत आला तेव्हाची एक दुपार. मी फाटकाशी उभा होतो. भाजीवाला आरोळी ठोकणार, तोच काका अनवाणी धावत आले. "हळू रे! झोपलीय."

गॅलरीत काकूंची मान कलंडली होती. हात मांडीवर, मोकळे. काकांनी माझ्याकडे अशा ऐटीत बघितलं, जणू कारखान्यात आयुष्यभर जे काही बनलं ते त्यांनीच बनवलं होतं. "पास," ते कुजबुजले.

जायच्या दिवशी अख्खी गल्ली रस्त्यावर होती. नव्या साडीखाली पांढरे बूट घालून काकू जीपमध्ये बसल्या, आणि मी असा हात हलवत होतो, जणू विमान मीच चालवणार होतो.

परत आल्यावर मी फोटो बघायला गेलो. उंच इमारती नाहीत. समुद्र असलाच तर कोपऱ्यात. अख्ख्या रोलभर काकूच. बाकावर काकू, खिडकीशी काकू, वाफाळत्या चहासमोर काकू.

"काका, ह्यात सिंगापूर कुठंय?"

"नीट बघ की! एका तरी फोटोत हिच्या हातात काही काम आहे का?"

मी पुन्हा सगळे फोटो बघितले. नव्हतं.

"आणि तुम्ही?"

"इन्स्पेक्टर फोटोत नसतो रे."

"एक हाय की," म्हणत काकूंनी पाकिटाच्या तळातून एक फोटो काढला. तो त्यांनी स्वतः काढलेला. त्यात काकांचं डोकं वरून कापलं गेलं होतं. दिसत होते फक्त दोन हात, आणि त्या हातांत चहाचे दोन कप.

"तिथल्या पोरांना आणूच दिला नाय. आठी दिस चहा ह्यांनीच दिला."

काकांनी घाईघाईनं फोटोवर हात ठेवला. "हललाय तो. फेल आहे."

काकूंनी त्यांचा हात बाजूला केला. "ऱ्हाऊ द्या. मी पास केलाय."