नको असलेले शब्द

बायकोच्या मसाल्याची जाहिरात इंटरनेटवर द्यायची, हा निर्णय माझा. (घरातले बाकीचे निर्णय चंदना घेते, म्हणून घर चाललंय.)

तिचा मसाला बिनकांदा-लसणाचा. आमच्या सांगली भागात तिखट म्हटलं की कांदा-लसूण आलाच, त्यामुळं आम्हा जैनांना असा मसाला शोधत फिरावं लागतं. नाव तिनं प्रेमानं 'भरतेश मसाले' ठेवलं होतं. भरतेश म्हणजे मी.

पर्युषणात बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दहा दिवस जेवणं असतात. त्याचा मसाला कुणाकडून घ्यायचा हे माझे सासरे, जयपालअण्णा, ठरवणार होते. "लेक म्हणून घेणार न्हाई. चार माणसं तुझा मसाला मागू देत, मग बघू," असं ते चंदनाला म्हणाले होते. ते तिच्या फार मनाला लागलं होतं.

मी पतसंस्थेत कारकून. प्रिंटरमध्ये कागद अडकला की मलाच बोलावतात, तेव्हा घरात मी कॉम्प्युटरतज्ज्ञ समजला जातो. जाहिरात भरायला बसलो. लोकांनी काय शोधलं की आपण दिसायचं? 'मसाला', मी लिहिलं. पुढं रकाना होता, 'नको असलेले शब्द'. मला त्या कंपनीचं कौतुकच वाटलं. एवढ्या लांब बसून जैनांची केवढी काळजी. मी भक्तिभावानं लिहिलं: कांदा, लसूण, बटाटा, मुळा, गाजर.

"सुरण ऱ्हायलं," चंदना म्हणाली. सुरणही घातलं.

सकाळी पहिला फोन शिराळ्याहून, कुणा आप्पासोंचा.

"ताई, मसाला हाय का?"

"हाय की," चंदना हरखली. "कशाला पायजे?"

"मटनाला. दोन किलोला किती घालायचा?"

चंदनानं फोन देव्हाऱ्याशेजारून उचलून पार खिडकीत नेऊन ठेवला. तिथंही तो वाजतच राहिला. लोणंदवाल्याला सुक्क्यासाठी हवा होता, मेढ्याच्या माणसाला रश्श्यासाठी. जैनाचा फोन एकही नाही.

मी जाहिरातवाल्या कंपनीला फोन लावला. तिकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, नको असलेल्या शब्दांत कांदा-लसूण तुम्हीच लिहिलंय. त्यामुळं 'कांदा-लसूण नसलेला मसाला' असं कुणी शोधलं, की तुमची जाहिरात दिसत नाही."

"मग मटणवाल्यांना कशी दिसते?"

"मटण नको, असं तुम्ही कुठं म्हटलंय?"

कसं म्हणणार? आमच्या घरात तो शब्द नको म्हणायलासुद्धा कुणी उच्चारत नाही.

शब्द बदलले. आता तरी आपली जाहिरात भलतीकडं जात नाही ना, याची खात्री करायला मी स्वतःच माझ्या मोबाइलवर शोधून पाहिलं: मटण मसाला, मटण सुक्कं, मटण ताट. आपण कुठंच नव्हतो. मी स्वतःवर खूश झालो.

दुसऱ्या दिवसापासून हवे ते फोन येऊ लागले, आणि त्या आठवड्यात अण्णा स्वतः घरी आले. "चौघांनी मला इचारलं, चंदनाचा मसाला कुठं मिळतोय म्हणून," ते म्हणाले. चंदनाचे डोळे भरून आले. अण्णा माझ्याकडं वळले. "जावई, मोबाइल द्या बघू तुमचा. पर्युषण कवा बसतंय त्ये बघू."

मी पंचांग उघडून दिलं. तिथींच्या मधोमध जाहिरातीचा एक चौकोन होता. अण्णांनी चष्मा पुसला आणि मोठ्यानं वाचलं, "तुम्ही पाहिलेलं झणझणीत मटण ताट अजून तुमची वाट पाहतंय."

"अण्णा, ते मी चंदनाच्या मसाल्यासाठी बघत होतो," मी म्हणालो. (गप्प बसायला हवं होतं.)

"तिचा मसाला त्यात कसा लागतोय, त्ये?"

चंदनाचा चेहरा पांढरा पडला. अण्णांनी मोबाइल दोन बोटांनी खाली ठेवला. "पोरी, मसाला तुझाच घ्यायचा. तुझी काय चूक न्हाई," ते म्हणाले. "फकस्त पुडीवर ह्यांचं नाव नको."

आता पुडीवर 'चंदना मसाले' असं छापलंय. मसाला जोरात खपतो. खाली बारीक अक्षरांत चंदनानं स्वतः मजकूर घातलाय: 'कांदा, लसूण व भरतेश यांचा स्पर्श नाही.'