भावाचं पान रांगतं, अप्पांचं पळतं

औशाच्या भीमाशंकरअप्पांनी एका हातात स्वतःचा फोन धरला, दुसऱ्या हातात वेबसाइट बनवणाऱ्या तनुजाचा. एकावर त्यांच्या आडतीच्या वेबसाइटवरचं ‘आजचा सोयाबीन भाव’ हे पान होतं, दुसऱ्यावर ‘आमचे मालक’. मालकांचं पान डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडलं. फेटा, मिशा, जोडलेले हात, सगळं एकदम हजर. भावाच्या पानावरचं चाक मात्र फिरतंय ते फिरतंयच.

“दोन्ही तूच बनवलीस ना?”

“हाव अप्पा.”

“मग माझं पळून राहिलं आन् त्ये रांगून का राहिलं? लातूरचा एक जण म्हनतो, समदं नव्यानं करून देतो. उद्यापासनं काम त्याला.”

तनुजानं आपला फोन अप्पांच्या हातातून काढून घेतला. हे तिचं पहिलंच काम. त्याच्या जोरावर तर ‘पुण्याला नोकरीला जाणार नाही, इथंच धंदा करीन’ असं तिनं घरी ठणकावून सांगितलं होतं.

“अप्पा, सौद्याच्या टायमाला भावाच्या पानावर सगळा तालुका येतो. त्याला मोठा सर्व्हर पाहिजे, कवापासून सांगून राहिले मी. आन् तुमच्या पानावर...” ती अडखळली.

“माझ्या पानावर काय?”

“तिथं जरा निवांत असतं.”

शेजारचे पोती-बारदानवाले लालमहंमद चहा पीत बसले होते. त्यांना राहवलं नाही. “निवांत म्हंजे तिकडं कुनी फिरकत न्हाई, अप्पा! मोकळ्या रस्त्यावर कुनाची बी गाडी पळती. मुकाबला बराबरीचा पायजे.”

खरं तर अप्पांनीच हट्टानं आपलं पान वेगळ्या सर्व्हरवर ठेवायला लावलं होतं. दुकानातही त्यांची केबिन वेगळीच. दुसरा कुणी असता तर फुगून बसला असता. अप्पांनी फेटा सारखा केला, थेट बाजार समितीत सौद्याच्या ठिकाणी गेले आणि माईक हातात घेतला.

“मंडळी, भाव नंतर बगा. आधी समद्यांनी माझं पान उघडा! गावाकडच्या ग्रुपवर बी टाका. माझं पान अडकलं तर तनुजाचं काम पक्कं, आन् मोठा सर्व्हर बी देतो. शब्द हाय माझा!”

सगळ्यांनी फोन काढले. लालमहंमदांनी तर नायगावपासून हदगावपर्यंतच्या सगळ्या बारदानवाल्यांना निरोप धाडला: ‘अप्पांचं पान लगेच उघडा.’

पान अडकलं. तेही कपाळावर.

“अप्पा, फेटा आला, तोंड यायचंय!” एक शेतकरी ओरडला.

तेवढ्यात अप्पांचा फोन वाजला. पलीकडे नायगावची पार्वतम्मा, त्यांची मेहुणी, हमसून हमसून रडत होती. “कवा गेले वो अप्पा? कालच तर बोलले होते!”

ग्रुपवर अचानक लिंकसोबत फेटेवाल्याचा हात जोडलेला फोटो आला, की आपल्याकडे लोक एकच अर्थ काढतात. हां हां म्हणता श्रद्धांजलीचे मेसेज सुरू झाले, आणि ते वाचून आणखी लोक पान उघडायला धावले. ‘दिलदार माणूस.’ ‘मापात पाप न्हाई केलं.’ ‘माझ्या पोरीच्या लग्नात रात्रभर वाढायला उभे होते.’ अप्पा एकेक मेसेज वाचत राहिले. त्यांचे डोळे भरून आले.

“पार्वतम्मा, जित्ता हाय मी! पर रडनं चालू ठिव जरा, बरं वाटून राहिलं.”

इकडे तनुजानं भावाचं पान उघडलं. तिथं आता चिटपाखरू नव्हतं; भाव झटकन समोर! तिनं फोन पुढे केला. अप्पांनी तो पाहिला, आपल्या पानावरचा अर्धा फेटा पाहिला आणि भर बाजारात पुन्हा माईक घेतला. “पोरगी खरी, मी खोटा. काम तिचंच!” टाळ्या पडल्या. असा हार मानणारा माणूस तनुजानं पाहिला नव्हता. तिला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मोठा सर्व्हर आला. ऐन सौद्यात भावाचं पान झटकन उघडलं आणि तनुजाचा जीव भांड्यात पडला. अप्पांनी मग हळूच आपलं पान उघडलं. तेही झटकन उघडलं; तिथं पुन्हा निवांत होतं. अप्पांचा चेहरा उतरला.

“तनुजा,” ते आवाज खाली आणून म्हणाले, “माझं तेवढं जरा हळू उघडंल, असं काही करता येतं का गं?”