तीन वाजेपर्यंत निंदा

ज्या कादंबरीत सुरुवातीलाच नकाशा असतो, तिच्यात लेखक पुढे रस्ता चुकतोच.

सायकलच्या ट्यूबचं ठिगळ पुस्तकाच्या कण्यालाही बसतं.

अंतराळयानात चहाची सोय नसेल, तर ते यान परत येण्याच्या लायकीचं नाही.

चर्चचं छप्पर उत्तरेकडून गळतं.

ड्रॅगनने तोंड उघडावं ते आग ओकायला. तो सल्ले द्यायला लागला की पुस्तक मिटावं.

यातलं छपराचं सोडलं, तर बाकी सगळी मतं ऑल्विन प्रॉसरची. पोरवयापासून तो विज्ञानकथा आणि अद्भुतकथा वाचत आला होता. मतं ऐकायला घरात एकच माणूस होतं, त्याची बायको ग्वेन्डा. ती ऐकता ऐकता विणायची. घरात स्वेटर फार झाले होते.

छपरासाठी दर उन्हाळ्यात चर्चच्या हिरवळीवर जत्रा भरे. यंदा ऑल्विन जुन्या पुस्तकांच्या टेबलाशी आला आणि जागीच थिजला. टेबलावर त्याचीच पुस्तकं मांडली होती, सगळीच्या सगळी. घराला रंग द्यायचा म्हणून त्याने ती पेट्यांत भरून दाराशी ठेवली होती.

तेवढ्यात कर्ण्यावरून जत्रेची व्यवस्था बघणाऱ्या मिसेस टॅटरसॉलचा आवाज आला. "आपल्या ऑल्विननं जन्मभर जमवलेली पुस्तकं छपराला दिलीत. टाळ्या होऊ द्या."

टाळ्या झाल्या. ऑल्विनने टोपी काढून मान लववली. टाळ्या घेतल्यावर 'चूक झाली, परत द्या' म्हणणारा माणूस त्या गावात अजून जन्मायचा होता.

"ग्वेन्डा," तो दात आवळून म्हणाला, "हे काय आहे?"

"जत्रा," असं म्हणून ग्वेन्डा केकच्या टेबलाकडे गेली.

बाकीची गेली तर गेली. पण कडेला 'शनीवरचं दीपगृह' होतं. खाणकामगारांच्या संपात वीज जायची, त्या हिवाळ्यात शाळकरी ऑल्विनने ते मेणबत्तीशी बसून मोठ्याने वाचलं होतं. वडील खाणीतले. "असल्या थापा मला नको सांगूस," म्हणत बूट पुसत बसायचे आणि दुसऱ्या दिवशी जेवताना हळूच विचारायचे, "काय रे, त्या दीपगृहवाल्याकडं आलं का कुणी?" पुस्तकाचा कणा सुटला तेव्हा त्यांनीच त्याला सायकलचं ठिगळ चिकटवलं. वडिलांच्या हातचं एवढंच उरलं होतं.

ऑल्विनने हात पुढे केला.

"हात मागे," मिसेस टॅटरसॉल म्हणाल्या. "विकणाऱ्यांनी तीन वाजेपर्यंत काही घ्यायचं नाही. आधी गाव."

"मी कुठं विकणारा?"

"आता झालास. ह्यातलं तुझ्याइतकं कुणाला कळतंय? बस इथं."

ऑल्विन बसला आणि बसल्या बसल्या त्याला युक्ती सुचली. प्रत्येक पुस्तकाला नावं ठेवायची. कुणी घेतलंच नाही, तर तीन वाजता सगळी आपली.

पहिला आला डगल खाटीक. त्याने एक जाडजूड कादंबरी उचलली. "कसंय हे?"

"रटाळ. एक माणूस तीनशे पानं चंद्रावर भाजीचे वाफे करतो. मग गोगलगाई येतात."

"चंद्रावरसुद्धा?" डगल पुढे वाकला. "मग करतो काय तो?"

"मीठ टाकतो. काही फरक पडत नाही."

"माझ्या कोबीवर अगदी हेच झालं," म्हणत डगलने पैसे टाकले.

मग नर्स म्युरियल आली. तिच्या हातातल्या अद्भुतकथेकडे बघून ऑल्विनने तोंड वाकडं केलं. "नऊ राजपुत्र. सगळे एकमेकांना विष घालतात, अन् कोण कुणाचा भाऊ ते शेवटपर्यंत कळत नाही."

"आमच्या माहेरी आल्यासारखं वाटेल मला. दुसरा भाग असला तर तोही दे."

आपल्या मालाची स्तुती करणाऱ्याकडे ते गाव संशयाने बघे. नावं ठेवणारा म्हणजे खरं बोलणारा. ऑल्विन खरं बोलतोय ही बातमी केकच्या टेबलापर्यंत पोचली आणि रांग लागली. मग रांग आहे म्हणून आणखी माणसं रांगेत उभी राहिली. ऑल्विन नुसता पेटला. बोलक्या ड्रॅगनांची त्याने सालटी काढली, नकाशांचे वाभाडे काढले. लोक हसत होते, वाद घालत होते, पुस्तक काखेत मारून जात होते. हिरवळीवर जिकडेतिकडे त्याची पुस्तकं उघडलेली दिसत होती, आणि विणत कुणीच नव्हतं. आपण हरतोय हे तो मधूनमधून विसरत होता.

तीन वाजायला आले तेव्हा टेबलावर एकच पुस्तक उरलं. गावच्या वाद्यवृंदातल्या मिस्टर प्यू यांनी ते उचललं. त्यांचा अंगठा नेमका ठिगळावर.

"आणि ह्यात काय वाईट आहे?"

ऑल्विनने तोंड उघडलं. नुसतं 'भिकार' एवढं म्हणायचं होतं. ते काही तोंडातून निघेना.

"हे सुंदर आहे," तो म्हणाला. "दिवा लावून एकटा बसलाय बिचारा. जहाज येतच नाही, तरी रोज काच पुसतो. आमचे बाबा..." त्याने टोपी डोळ्यांवर ओढली.

मिस्टर प्यूंनी नजर घंटाघराकडे वळवली. मागच्या दोघांना अचानक चहाची आठवण झाली.

"असं होय," प्यू म्हणाले आणि दुसऱ्याचा रुमाल ठेवावा तसं त्यांनी पुस्तक खाली ठेवलं. "म्हणजे चांगलंच असणार. पण आज राहू दे." रांग पांगली.

तीनचे टोले पडले. ऑल्विनने पैसे भरले आणि पुस्तक कोटात घातलं.

ग्वेन्डा केकचा तुकडा घेऊन आली. "गेली सगळी?"

"एक राहिलं. डगल मंगळवारी घरी येतोय. त्या गोगलगाईंबद्दल त्याला बोलायचंय. म्युरियलही येईल म्हणाली."

"येऊ देत," ग्वेन्डा म्हणाली. "मी तेवढ्यात बहिणीकडं जाऊन येईन."

जत्रेच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, ग्वेन्डाने त्याला दोनदा विचारलं होतं, "ह्या पेट्या जत्रेला देऊ ना?" आणि दोन्ही वेळा ऑल्विन पुस्तकातून मान वर न काढता म्हणाला होता, "दे की."