ताब्यातली केळी

जागृतीताई आमच्या केळीच्या वाडीत बसून बाजारातून विकत आणलेली केळी खात. डोक्यावर पिकलेले घड लोंबत असत. "ते कोर्टाच्या ताब्यातले. आनि इथे कोर्ट म्हंजे मी. कोर्टानंच केळी खाल्ली तर दाद कोनाकडे मागायची?" चहा विचारला की म्हणत, "कोर्टाला तहान नाय."

निर्मळ गावातली ही वाडी माझी की चुलतभाऊ विनयची, असा दावा होता. निकालापर्यंत मालमत्ता तिऱ्हाइताकडे राहावी म्हणून कोर्ट रिसिव्हर नेमतं. पहिले गृहस्थ ठरलेल्या यादीतले, मुंबईचे. फाटकाला कुलूप ठोकून गेले. मालमत्ता सुरक्षित राहिली; फक्त पाण्यावाचून दर तिनांतली एक केळ वाळली. पुढे न्यायाधीशांनी त्या यादीत बायका घेतल्या, इथल्या गावांतले वकील घेतले, आणि मिठागराकडच्या जागृतीताई आल्या.

"बाईमाणूस काय ताबा घेणार?" विनय पुटपुटला.

"रिसिव्हर म्हंजे घेनारा, भाऊ. घेयाला हात लागतात, मिशी नाय."

मी हसलो. "तुमचीपन बगितली मी," त्या म्हणाल्या.

त्यांनी आधी कुलूप काढलं. "ताबा म्हंजे कुलूप नाय, पानी." हुकूम झाला: मोटर विनयने लावायची, पाट मी वळवायचा. मोटर विहिरीपाशी, पाटाचं तोंड दुसऱ्या टोकाला. खुणा करून पाहिल्या, पण मधे केळी. शेवटी कित्येक वर्षांनी मी भावाशी पहिला शब्द बोललो: "सोड!"

त्याला वाटलं, दावा सोड म्हणतोय. "तूच सोड!" तो तिकडून गरजला.

"अरे, पानी सोड म्हनतोय तो!" ताई मधून ओरडल्या. "दाव्याचं कोर्ट बगेल!"

वाडी तगली ती त्यांच्यामुळे. हे आम्ही दोघं एकमुखाने सांगतो, आणि एकमुखाने आम्ही फार थोडं सांगतो. रोज ओरडता ओरडता बोलू लागलो, तडजोड झाली, कोर्टाने ताईंना मोकळं केलं.

तरी पुढच्या रविवारी त्या आल्या. केळीच्या बुंध्याशी फुटलेले नवे मुनवे कुठे लावायचे, यावरून आमची जुंपली होती.

"ताई, तुम्हीच सांगा याला," विनय म्हणाला.

त्या बांधावर बसल्या. "माजा भाव शेजारच्याच घरात ऱ्हातो. आमच्या दाव्यात कुलूपवालाच आलेला. निकाल माज्या बाजूनं लागला. भाव अजून बोलत नाय."

विनयने हातातला मुनवा खाली ठेवला.

"गप का झालात? भांडा की," त्या म्हणाल्या. "मी ऐकायलाच आलेय."