किटलीखालचं शेवटचं गाणं

"मला अख्खं म्युझिकल तोंडपाठ आहे!" ॲव्हरिल सग्डेनने हे हडर्सफील्डमधल्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला ऐकवलं होतं. दंतवैद्याला तर स्वतःच्या तोंडात त्याचं यंत्र असताना!

एक शेवटचं गाणं सोडून, हे मात्र ती सांगत नसे. १९७४ साली, लग्नाला तीन महिने होतात न होतात तोच, नवऱ्याने, म्हणजे क्लिफर्डने, तिच्या लाडक्या रॉक म्युझिकलच्या नव्याकोऱ्या रेकॉर्डवर चहाची गरम किटली ठेवली. हातातला चहा दिसेल त्या सपाट जागी ठेवायचा, ही त्याची जन्माची खोड. किटली बसली बरोबर मधोमध. शेवटचं गाणं तिथेच होतं! तेवढ्या भागाचा पापड झाला; बाकीची गाणी वाजत राहिली, ते एक मात्र ऐकायचंच राहिलं.

"आता ते गाणं ऐकेन तर थिएटरातच," ॲव्हरिलने शपथ घेतली, "नाहीतर ऐकणारच नाही!" रेडिओवर लागलं, तर ती रेडिओ बंद करून बागेत निघून जाई. अशी अठ्ठेचाळीस वर्षं गेली.

अखेर त्याच म्युझिकलच्या बुधवारच्या दुपारच्या खेळाची तिकिटं मिळाली. १९७४ साली ज्याची बटणं लागत असत, ते झालरीचं जाकीट चढवून ॲव्हरिल निघाली. थिएटरच्या दारावर पाटी होती : कलाकारांसोबत गाऊ नये.

"ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी आहे ती," ॲव्हरिल म्हणाली.

पहिली दोन गाणी ती ओठांतल्या ओठांत गायली. घोळ झाला तिसऱ्याला. तिच्या रेकॉर्डवर तिथे चरा होता आणि सुई चार ओळी गाळून पुढे जायची. रंगमंचावर नायिका हळूहळू हुंदके देत होती, आणि ॲव्हरिल सवयीने चार ओळी पुढे जाऊन, भर शांततेत एकटीच ओरडली, "पेटून उठा!"

नायिका दचकली. विजेरी चमकवत डोअरकीपर बाई आली.

"बाई, गाऊ नका."

"मी कुठे चुकले? तीच मागे पडली!"

पाचवं गाणं संपलं आणि ॲव्हरिल ताडकन उभी राहिली. मागून आवाज आला, "ओ बाई, बसा की खाली!"

"पहिली बाजू संपली ना! रेकॉर्ड उलटायला नको?"

पुन्हा विजेरी. "आता या रांगेतून एक सूर जरी निघाला, तरी बाहेर काढीन!"

शेवटच्या गाण्याआधी ॲव्हरिलने रुमाल तोंडात कोंबला. गिटार वाजली. तिचे डोळे भरून आले. आणि शेजारून गंजलेल्या फाटकासारखा आवाज उठला. क्लिफर्ड! इतका वेळ पेंगणारा क्लिफर्ड डोळे मिटून, एकही शब्द न चुकता गात होता!

"गप्प बस, मेल्या!" तिने पर्स हाणली. पण उशीर झाला होता; विजेरी थेट तिच्याच तोंडावर आली.

"मी नव्हते! मी हलणार नाही!" ॲव्हरिलने खुर्ची घट्ट धरली. तिची बोटं सोडवायला दोघी डोअरकीपर लागल्या.

फुटपाथवर तिने नवऱ्याची कॉलर पकडली. "तुला कसं येतं ते?"

क्लिफर्ड बुटांकडे बघत म्हणाला, "दुसऱ्याच दिवशी नवी रेकॉर्ड आणली होती गं तुला. पण तोवर तू शपथ घेऊन बसलीस. मग ठेवली बागेतल्या शेडमध्ये. ऐकतो अधूनमधून."

"अधूनमधून?"

"रोज."

ॲव्हरिलला त्याचा गळा धरावासा वाटला. पण त्याच गळ्यात तिचं गाणं होतं.

"गा."

"इथे?"

"इथेच! थिएटरच्या दारात! पहिल्यापासून!"

तो गायला. डोअरकीपर बाई धावत बाहेर आली. "अहो, आत ऐकू येतंय!"

"येऊ दे! फुटपाथ काही तुमच्या थिएटरचा नाही! क्लिफर्ड, दुसरं कडवं!"

ॲव्हरिल घळाघळा रडत ऐकत होती. शेवटची ओळ दोनदा होती. दुसऱ्यांदा तिनेही सूर लावला, तोही चांगला टिपेचा.

मग नाक पुसून तिने हात पुढे केला. "शेडची किल्ली दे. रेकॉर्ड आजपासून माझी."

क्लिफर्डने खिशातून किल्ली काढली आणि ती तशीच धरून उभा राहिला. निघायच्या गडबडीत त्याने चहाची किटली शेडमध्येच कुठेतरी ठेवली होती. कुठेतरी सपाट जागी.